रीतिभूतकाळातले बालपण : व्यामिश्र आघात आणि मराठी आत्मकथन

१

१९७८ मध्ये ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी आत्मकथनांची समीक्षा मुख्यतः दोन कसोट्यांवर विसंबून राहिली आहे. पहिली कसोटी अनुभवाच्या अस्सलपणाची, दुसरी संघर्षाच्या प्रखरतेची. पहिलीने आत्मकथनाला सामाजिक दस्तऐवजाचे मोल दिले. दुसरीने त्याला एका चढत्या रेषेवर बसविले : दारिद्र्य, अवहेलना, शिक्षण, प्रतिष्ठा. या कसोट्यांनी मोठे काम केले, हे मान्यच करावयास हवे. परंतु यांतील बहुतेक संहितांचा फार मोठा भाग बालपणाने व्यापलेला आहे आणि ज्यांच्या आधाराने मुलाने वाढावयाचे त्यांच्याच हातून, त्यांच्याच घरात ते बालपण वारंवार दुखावले गेले आहे, ही गोष्ट या दोन्ही कसोट्यांच्या चिमटीत सापडत नाही. अस्सलपणाच्या कसोटीला बापाचा मार हा ग्रामीण वा दलित जीवनाचा तपशील वाटतो. संघर्षाच्या कसोटीला तो नायकाने ओलांडलेला अडथळा वाटतो. मार खाणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले आणि प्रौढ निवेदक त्याच्याविषयी कोणत्या आवाजात बोलतो, हा प्रश्न मात्र तसाच मागे राहतो.

हा प्रश्न मानसशास्त्राने आपल्या परीने हाताळला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात एका आघाताने झालेली इजा आणि दीर्घकाळ, सुटकेची वाट नसताना, पुन्हा पुन्हा झालेल्या आघातांची इजा यांत भेद केला. युद्ध, अपघात, भूकंप यांनी मोडलेले मन आणि रोजच्या दहशतीत घडलेले मन यांची जात वेगळी, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पहिल्यात तयार झालेल्या ‘मी’वर घाव बसतो, दुसऱ्यात ‘मी’ घडतो तोच घावांच्या मधल्या फटीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले. आघातोत्तर ताणाच्या नेहमीच्या लक्षणांखेरीज तीत तीन गोष्टी सांगितल्या आहेत : भावना आवरता न येणे, आपण हीन आणि पराभूत आहोत अशी लाजेने भरलेली आत्मप्रतिमा, आणि माणसांशी जवळीक टिकविण्यातली अडचण. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या वर्गीकरणात मात्र ही अवस्था स्वतंत्रपणे नोंदलेली नाही. म्हणजे संज्ञा अद्याप वादापलीकडे गेलेली नाही. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘व्यामिश्र आघात’ हा शब्द योजिला आहे.

येथे एक मर्यादा प्रारंभीच आखून घेतली पाहिजे. समीक्षा म्हणजे रुग्णालय नव्हे. लेखकाच्या मनाचे निदान करणे हे समीक्षेचे काम नाही आणि तसे करण्याचा तिला अधिकारही नाही. तिच्यासमोर असते ती संहिता : निवेदक, त्याचा काळ, त्याची भाषा, त्याने योजलेला श्रोता. व्यामिश्र आघात ही संकल्पना संहितेच्या या अंगांवर काही प्रकाश टाकत असेल, तरच तिचा येथे उपयोग.

२

आघाताचा साहित्यिक विचार पाश्चात्त्य समीक्षेत १९९०च्या दशकात विशेष फोफावला. कॅथी करूथ यांचे १९९६ मधील विवेचन त्यात मध्यवर्ती ठरले. आघात घडतो तेव्हा तो पूर्णपणे अनुभवलाच जात नाही, तो उशिरा आणि आडवळणाने परत येतो, म्हणून संहितेतील खंड, मौन आणि तुटलेपणा यांत त्याच्या खुणा शोधाव्यात, असा त्या विचाराचा सारांश सांगता येईल. हा विचार मराठी आत्मकथनांना लावू पाहिला तर लगेच अडचण येते. या आत्मकथनांत मौन कमी आणि बोलणे उदंड आहे. भुकेचा, माराचा, शिव्यांचा, शाळेतल्या आणि पाणवठ्यावरच्या अपमानाचा तपशील त्यांत एवढा भरघोस आहे की, अनुभव हातून निसटला, असे कोणी म्हणणार नाही. मग या संहितांत आघात नाही असे समजावयाचे काय?

अडचण संहितांची नसून नमुन्याची आहे. करूथ यांचा नमुना एका घटनेचा आहे. रोजचा मार ही मुलाच्या लेखी घटनाच नसते. ती ऋतुमानासारखी असते. तिची खूण मौनात सापडत नाही, ती पुनरावृत्तीत सापडते. मराठी भाषेत या पुनरावृत्तीसाठी एक सिद्ध व्याकरणिक रूपच आहे. ‘त्याने मारले’ हा साधा भूतकाळ. ‘तो मारी’, ‘तो मारत असे’, ‘तो मारायचा’ हा रीतिभूतकाळ. पहिल्यात एक दिवस असतो, एक कारण असते, एक शेवट असतो. दुसऱ्यात यांपैकी काहीच नसते. कितीदा, कधीपासून, कशासाठी, याचा हिशेब रीतिभूतकाळ देत नाही. देण्याची अपेक्षाही ठेवत नाही. फ्रेंच कथनमीमांसक जेरार जनेत यांनी अनेकदा घडलेले एकदाच सांगण्याच्या पद्धतीला निवेदनाचा एक स्वतंत्र प्रकार मानले आणि प्रूस्तच्या कादंबरीच्या आधारे त्याची मीमांसा केली. प्रूस्तकडे हे निवेदन हरवलेल्या सुखाची सवय जपते. मराठी आत्मकथनांत तेच निवेदन बहुधा दुःखाची सवय वाहून आणते.

या लेखाचे प्रतिपादन एवढेच की, व्यामिश्र आघाताचे मराठी व्याकरण रीतिभूतकाळाचे आहे आणि त्यातून सावरण्याची पहिली वाङ्मयीन खूण म्हणजे त्या ओघातून एखादा दिवस सुटा होणे. ‘मारायचा’चे ‘त्या दिवशी मारले’ होते तेव्हा मारणारा, मार खाणारा आणि पाहणारा असे तिघे प्रथमच वेगळे दिसू लागतात. हवामानाला जाब विचारता येत नाही. घटनेला विचारता येतो.

३

हे प्रतिपादन तपासण्यापूर्वी मराठी वाचकाच्या मनातील बालपणाच्या प्रमाण प्रतिमेकडे पाहिले पाहिजे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही ती प्रतिमा होय. त्या पुस्तकातही दारिद्र्य आहे, अपमान आहे, मृत्यू आहे, आणि आईने दिलेला मारही आहे. पोहावयास जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते. पण या पुस्तकाची रचना अशी की, प्रत्येक रात्र एका प्रसंगाची आहे आणि प्रत्येक प्रसंगाला अर्थ आहे. मार एकदा बसतो, त्याचे कारण सांगितले जाते, मागाहून आईचे डोळे भरून येतात, आणि मुलाला त्यातून काही मिळते. सांगणारा प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांपुढे बोलतो. ते रात्रीमागून रात्री येऊन ऐकतात. सुरक्षित जागा, विश्वासू श्रोते, सुटा प्रसंग आणि त्याचा अर्थ, अशी सावरलेल्या स्मृतीची सारी साधने येथे आयती उपलब्ध आहेत.

या पुस्तकाचे थोरपण निर्विवाद आहे; परंतु त्याने मराठी वाचकाला एक सवय लावली. मूल दुखावले गेले की त्यामागचा संस्कार शोधावयाचा, ही ती सवय. ज्या घरात माराला अर्थ नसतो, मागाहून कोणाचे डोळे भरून येत नाहीत आणि ऐकावयास कोणी नसते, त्या घरातील मुलासाठी या सवयीपाशी शब्द नाहीत. असे मूल अर्थ स्वतःच पुरविते आणि तो बहुधा एकच असतो : आपल्यातच काही खोट असली पाहिजे. व्यामिश्र आघातातील लाजेचा उगम येथे आहे. ज्याच्यावर जगणे अवलंबून आहे त्याला दुष्ट मानणे मुलाला परवडत नाही; स्वतःला वाईट मानणे परवडते.

४

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कागलच्या एका शेतकरी घरातला हा मुलगा. बाप राबवून घेतो, मारतो, आईलाही मारतो, शाळा सोडवितो. आईची बाळंतपणे एकामागून एक होत राहतात. कादंबरीचा मोठा भाग कामाच्या चक्राने भरलेला आहे : पाणी पाजणे, गुरे राखणे, शेण, वैरण, पुन्हा पाणी. हे चक्र म्हणजेच रीतिभूतकाळ. शेतकऱ्याच्या कामाला स्वतःची लय असते आणि बापाची दहशत त्या लयीतच मिसळून गेलेली आहे. म्हणून ती वेगळी काढून दाखविणे मुलाला जमत नाही. वाचकालाही काही काळ ती शेतीचाच एक भाग वाटू लागते. संहितेचे सामर्थ्य या मिसळण्यात आहे.

हा ओघ तुटतो तो एका संध्याकाळी. आई आणि मुलगा बापाच्या नकळत दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात आणि मुलाला शाळेत घालण्यासाठी शब्द टाकण्याची विनवणी करतात. आपण येऊन गेलो हे बापाला कळू नये, असेही सांगून ठेवतात. दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात. बाप अटी घालून कबूल होतो : शाळेआधी शेतावरचे काम, शाळेनंतर गुरे. या प्रसंगाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मुलाच्या जिद्दीने बाप नमत नाही. आईच्या रडण्यानेही नमत नाही. ती तर रोजचीच बाब. तो नमतो तो त्याच्याहून बलवत्तर अशा एका प्रौढ माणसाने मुलाची बाजू घेतली म्हणून. हर्मन यांनी सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : सुरक्षितता, आठवणे आणि शोक करणे, आणि पुन्हा माणसांत येणे. त्यांतली पहिली पायरी मुलाला स्वतःला बांधता येत नाही, हे ‘झोंबी’ एका प्रसंगातून दाखविते. ‘नायकाची जिद्द’ अशी समीक्षा करणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

दुसरा धागा कवितेचा. मराठी शिकविणारे सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता चालीवर म्हणून दाखवितात आणि मुलगा त्या शेतात एकटाच म्हणू लागतो. पूर्वी पाणी पाजताना, गुरांमागे असताना एकटेपण खायला उठायचे; आता तो एकटेपणाच शोधू लागतो, कारण एकट्याला मोठ्याने म्हणता येते, हातवारे करता येतात. पुढे तो स्वतःच ओळी जुळवितो. कागद नसेल तर म्हशीच्या पाठीवर काडीने लिहितो. काम तेच, रान तेच, वेळ तीच. चक्र मोडलेले नाही, पण त्यात एक जागा मोकळी झाली आहे आणि ती जागा मुलाच्या मालकीची आहे. यात एखाद्या महान ध्येयाचा उदय पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. येथे एवढेच घडते की, आपल्या शरीरावर आणि आवाजावर आपला हक्क आहे असे त्या मुलाला दिवसातून काही घटका वाटू लागते. आघाताने जे काढून घेतलेले असते ते नेमके हेच.

यादवांनी ही कहाणी एका पुस्तकात संपविली नाही. ‘नांगरणी’ (१९९०), ‘घरभिंती’ (१९९२) आणि ‘काचवेल’ (१९९७) अशी ती वाढत गेली. या विस्ताराकडे पाल्हाळ म्हणून पाहिले जाण्याची शक्यता आहे. पण शिक्षणासाठी घराबाहेर पडलेला मुलगा ‘घरभिंती’मध्ये कर्ता होऊन पुन्हा त्याच घराकडे वळतो, भावंडांचा भार उचलतो, हे वळण चढत्या रेषेत बसत नाही. ज्या घराने मोडले तेच घर उभे करण्याची ओढ ही विजयाची खूण म्हणावी की अद्याप न सुटलेल्या गाठीची? संहिता या दोन्ही शक्यता एकाच वेळी हातात ठेवते. बापाला समजून घेणे आणि बापाला माफ करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एकीसाठी दुसरी केलीच पाहिजे असे नाही, हे प्रौढ निवेदकाला हळूहळू उमगत जाते. खंडांची संख्या या सावकाशपणाची साक्ष आहे.

५

‘बलुतं’ने हाच प्रश्न निवेदनाच्या पातळीवर सोडविला. सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार अशी त्या पुस्तकाची चौकट आहे. दोघे एकच आहेत हे वाचकाला ठाऊक असते. या चौकटीची चर्चा बहुधा शिकलेला दलित आणि त्याचे मागे राहिलेले जग यांच्यातील दुरावा म्हणून झाली. तो अर्थ खरा आहे. पण त्याखाली आणखी एक अर्थ आहे. ज्या बालपणाला श्रोता नव्हता, त्याला लेखकाने श्रोता मिळवून दिला; दुसरे कोणी नव्हते म्हणून स्वतःलाच त्याच्यासमोर बसविले. दगडूला बोलू देणे म्हणजे त्याला पुसून न टाकता त्याच्यापासून थोडे अंतर घेणे. लाज वाटणारा आणि लाज पाहणारा असे दोन भाग झाले की लाज असह्य उरत नाही. ती सांगण्याजोगी होते. आत्म्याचे दुभंगणे हे आघाताचे लक्षण मानले जाते. ‘बलुतं’मध्ये त्याच दुभंगण्याला कामाला लावले आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) लाज जन्माशीच जोडलेली आहे. आई मसामाय दलित, बाप गावातल्या पाटलांपैकी, आणि शाळेत नाव घालताना बापाचे नाव काय लावावे हा पेच. येथे घाव घालणारी व्यक्ती घरात नाही; घाव घालते ती व्यवस्था, आणि घरातील माणसे त्या घावाच्या वाटेवर उभी आहेत. परंतु या पुस्तकातील दोन माणसांकडे अधिक लक्ष जावयास हवे : आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार. जात, धर्म, रक्त यांपैकी कोणत्याही नियमाने जो आजोबा ठरत नाही, तो मुलाला आजोबाची माया देतो. बालपणीच्या आघातांतून सावरलेल्या माणसांच्या आयुष्यात बहुधा असा एक तरी प्रौढ सापडतो, ज्याने मुलाला अटीवाचून जवळ केलेले असते. लिंबाळे यांनी हे सिद्धान्त म्हणून मांडलेले नाही. पण व्यवस्थेने जे नाते अनौरस ठरविले तेच मुलाला तगवून धरते, हा विरोध त्यांच्या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे.

किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) हा पेच सर्वांत अवघड रूप घेतो. मुलाला आजोळी सोडून आई निघून गेलेली आहे. आजोळचे घर मुलींच्या कमाईवर चालते. तेथे तो नकोसा आहे, राबतो, मार खातो. आईची वाट पाहणे हाच त्याच्या बालपणाचा रीतिभूतकाळ आहे. वाचकाला आईचा राग येतो आणि पुढच्याच पानावर त्या रागाची लाज वाटते, कारण आईच त्या घराने लुबाडलेली आहे. निवेदकाने हा पेच सोडविलेला नाही. त्याने केले ते एवढेच की, आईचे नाव आपल्या नावात मधोमध ठेवले. बापाच्या नावाची जागा आईच्या नावाने भरणे हा सामाजिक निषेध आहेच. पण जिने सोडले तिला सोडावयाचे नाही, असा एक खासगी निर्णयही त्या नावात आहे. डॉक्टर होणे ही या कहाणीची ठळक अखेर. तिच्यापेक्षा हे नाव अधिक बोलके आहे.

स्त्रियांच्या आत्मकथनांत आणखी एक निराळी तऱ्हा दिसते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) लहान वयात लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींचा छळ निर्दयपणे स्पष्ट शब्दांत येतो, परंतु तो येतो ‘आम्ही’च्या तोंडून. लेखिकेने हे लेखन कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. स्वतःच्या संसारातील माराविषयी त्या बोलल्या त्या पुढे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. पुस्तकातला ‘आम्ही’ समूहाचा अभिमान वाहतो, तसाच ‘मी’ला आडोसाही देतो. हा आडोसा लेखिकेची उणीव ठरविणे सोपे आहे. पण जिला लिहिताना वही लपवावी लागते, तिची पहिली पायरी, म्हणजे सुरक्षितता, अजून पुरी झालेली नाही. तिने आधी समूहाचे सांगावे आणि स्वतःचे मागाहून सांगावे, हाच तिच्या परिस्थितीतला शहाणपणा होता. निंबुरे येथे त्यांनी वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालविली, हेही येथे आठवावे. हर्मन ज्याला पुन्हा माणसांत येणे म्हणतात, ते येथे लेखनाबाहेर घडले.

६

या वाचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. व्यामिश्र आघाताची संकल्पना घराकडे बोट दाखविते. दलित, भटक्या वा कष्टकरी घरातील बापाचा मार आणि आईचे सोडून जाणे यांचे मूळ जातीत, कर्जात आणि भुकेत असताना, घराला आरोपी करणारी संकल्पना वापरणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे नव्हे काय? सामाजिक अन्यायाला आजाराचे नाव देऊन तो वैयक्तिक करून टाकण्याचा धोका येथे आहे.

आक्षेप खरा आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. सारे काही व्यवस्थेच्या नावावर टाकले की मुलाला घरातल्या माणसाविरुद्ध बोलण्याची जागाच उरत नाही. बाप स्वतः पिळलेला होता, हे कारण खरे असूनही मुलाच्या तोंडावर ठेवलेला हात ठरू शकते. वर पाहिलेल्या संहितांचे मोठेपण असे की, त्यांनी ही दोन्ही सत्ये एकमेकांना खाऊ दिली नाहीत. दुखावणारा स्वतः दुखावलेला आहे, आणि तरीही त्याने दुखावले आहे. या दोन वाक्यांमधला ‘तरीही’ मराठी आत्मकथनाने कमावला आहे. समीक्षेने तो गमावता कामा नये.

७

मात्र या साऱ्या विवेचनाला एक परीक्षा द्यावी लागेल. आतापर्यंत विचार झाला तो लिहू शकलेल्यांचा. ज्यांच्या बालपणाचे पुस्तक झाले नाही त्यांच्याविषयी हे प्रतिपादन काय सांगते?

वसई तालुक्याच्या पूर्व भागातील चांदीप हे गाव या प्रश्नासाठी समोर ठेवता येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तोवर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. डोंगर आणि शेतीच्या या पट्ट्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची वस्ती जुनी आहे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या वेठीचे मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित असलेले वर्णन गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी राबत राहतात, ती लग्नगड्याची पद्धत त्यातूनच साहित्याच्या वाचकांपर्यंत पोहोचली. अशा घरात जन्मलेले मूल वेठीतच जन्मते. पण ते पुस्तक उठावाचे आहे आणि कार्यकर्तीच्या नजरेतून लिहिलेले आहे. त्यात माणूस जागा होतो तो प्रौढ. मूल त्याच्या कडेवर असते.

वेठबिगारीवर १९७६ मध्ये कायद्याने बंदी आली. तरीही वसई, भिवंडी, वाडा या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन जात राहिली. पावसाळा सरल्यावर घर सोडावयाचे, भट्टीजवळ भोंगा म्हणजे तात्पुरती झोपडी बांधावयाची आणि पाऊस येईतो विटा पाडावयाच्या, हा क्रम. मूल शाळेतून उठते आणि विटा उलटावयास बसते. येथे आई-बाप क्रूर असण्याची गरजच नाही. मालक मुलादेखत बापाला खडसावतो आणि बाप मान खाली घालतो, एवढ्याने मुलाला कळावयाचे ते कळते : ज्याने आपले रक्षण करावयाचे त्याचेच रक्षण करणारा कोणी नाही. ‘झोंबी’तही बापाला त्याच्याहून बलवत्तर माणूस खडसावतो. तेथे त्या बोलण्याने मुलासाठी शाळेचे दार उघडते. भट्टीवर त्याच बोलण्याने ते बंद होते. फरक माणसाच्या स्वभावाचा नसून त्याने कोणाची बाजू घेतली याचा आहे.

वसई तालुक्यातीलच उसगाव येथून काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालविल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने भोंग्यात जावे, असा तो साधा विचार. साहित्यविचाराच्या दृष्टीने या शाळेत काय आहे? तेथे आत्मकथन नाही, स्मृतीचा उच्चार नाही, ऐकून अर्थ लावणारा समीक्षकही नाही. आहे ते इतकेच : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि रोज येणारा एक प्रौढ माणूस, जो उचल वसूल करावयास आलेला नाही.

येथे या लेखाच्या मूळ प्रतिपादनात एक दुरुस्ती करावी लागते. रीतिभूतकाळ हा आघाताचा काळ आहे, असे प्रारंभी म्हटले. ते अपुरे आहे. संतामाय आणि दस्तगीर यांची मायाही रीतिभूतकाळातलीच आहे. सौंदलगेकर मास्तर एकदाच कविता म्हणाले असते तर शेतातले एकटेपण पालटले नसते. ते म्हणायचे म्हणून पालटले. जे पुनरावृत्तीने मोडते ते पुनरावृत्तीनेच सांधते. सुटा प्रसंग, कबुली, उच्चार यांनी जखम दिसू लागते. भरून येते ती रोजच्या, कोणी नोंद न घेतलेल्या भरवशाने. समीक्षेला कलाटणीचे प्रसंग प्रिय असतात, कारण ते उद्धृत करता येतात. भरवशाचे प्रसंग नसतात, त्याची सवय असते. म्हणून चढत्या रेषेत तो दिसत नाही आणि अस्सलपणाच्या कसोटीला तो किरकोळ वाटतो.

म्हणून आत्मकथन लिहून होणे म्हणजे सावरणे, हे समीकरण सोडून दिले पाहिजे. काहींच्या बाबतीत लेखन ही सावरण्याची वाट ठरली. काहींच्या बाबतीत सावरल्यावरच लेखन शक्य झाले. आणि फार मोठ्या संख्येच्या बाबतीत लेखनाचा प्रश्नच आला नाही. चांदीपच्या परिसरातील भट्टीवर वाढलेल्या मुलाचे आत्मकथन उद्या आले, तर ते किती दाहक आहे याची मोजदाद करण्याआधी त्यात कोण रोज येत असे, कोण जेवू घालत असे, कोण नावाने हाक मारत असे, हे वाचण्याची तयारी समीक्षेने ठेवावी. तशी वाक्ये त्यात असतील, तर त्या मुलाने ते पुस्तक कशाच्या बळावर लिहिले, याचे उत्तर तेथेच सापडेल. नसतील, तर त्या पुस्तकाचा खरा विषय त्या वाक्यांची अनुपस्थिती हाच असेल.